झाडांची नावं लावणाऱ्या मुलांना अडवू नका

बारावीचा निकाल लागला की नागपुरातल्या बहुतेक घरांत बोलणं दोन-तीन गोष्टींभोवतीच फिरतं. नीट, जेईई, नाहीतर पुण्याला खोली घेऊन स्पर्धा परीक्षा. अशा घरात एखाद्या पोरीनं सांगितलं, की मला बॉटनी घ्यायची आहे, त्यातही वनस्पतींचं वर्गीकरण शिकायचं आहे आणि पुढे हर्बेरियममध्ये काम करायचं आहे, तर आईवडिलांना काय बोलावं ते सुचत नाही. मामा विचारतो, "त्याचं पुढे होते काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवं. ते द्यावं म्हणूनच हे लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. झाडाझुडपांची नेमकी ओळख पटवणाऱ्या माणसांची विदर्भाला निकड आहे. अशी माणसं वर्षागणिक कमी होत चालली आहेत. ज्या घरात या कामाची ओढ असलेलं मूल आहे, त्या घरानं त्याला अडवू नये. आणि ज्या महाविद्यालयाच्या कपाटात जुने वनस्पती-नमुने पडून आहेत, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत.

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचं संग्रहालय. बागेतल्या झाडाशेजारी पाटी असते तसं ते नसतं. साधारण 42 बाय 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर पानं, फुलं, फळं आणि जमलं तर मुळं असलेला नमुना शिवलेला किंवा चिकटवलेला असतो. उजव्या कोपऱ्यात खाली लेबल: शास्त्रीय नाव, कुळ, कुठे सापडला, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केला, किती उंचीवर, फुलाचा रंग काय, गावकरी काय म्हणतात. असे हजारो कागद कुळवार लावलेले असतात. हावड्याच्या केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियममध्ये असे सुमारे 20 लाख नमुने आहेत, लंडनमधल्या क्यू इथं सुमारे 70 लाख. सातबारा नसेल तर जमिनीवरचा दावा टिकत नाही. तसंच हर्बेरियममध्ये नमुना नसेल, तर अमुक झाड अमुक जंगलात होतं या म्हणण्याला शास्त्रात आधार उरत नाही.

या कामाची गरज काय, हे कळायला लांब जायला नको. पावसाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले की आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, धुऱ्यावर, पडीक वावरात तरोटा उगवतो. कोवळी पानं खुडून त्याची भाजी होते. दिवाळीनंतर शेंगा वाळल्या की गावातल्या बाया त्याचं बी गोळा करून व्यापाऱ्याला विकतात. इतकं ओळखीचं झाड. आता पुढच्या पावसात त्याचं एक पान हातात घ्या आणि दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या दिसतील. सर्वांत खालच्या जोडीच्या मधोमध, दांड्यावर, बारीक दांडुक्यासारखी नारिंगी-तपकिरी ग्रंथी असते. तशीच दुसरी ग्रंथी तिच्या वरच्या जोडीच्या मधेही असेल, तर तो सेना टोरा. ग्रंथी फक्त खालच्याच जोडीत असेल, तर तो बहुतेक सेना ऑब्ट्युसिफोलिया. मग शेंगेकडे बघा. टोराच्या शेंगेचा देठ आखूड असतो, दुसऱ्याचा लांब. बी हातावर घ्या. टोराच्या बीच्या अंगावर रुंद पट्टा असतो, दुसऱ्याच्या बीवर अरुंद रेघ. लिनिअसनं 1753 साली ही दोन वेगळी झाडं म्हणूनच नोंदवली होती, तरी पुढची दोनेकशे वर्षं अनेक ग्रंथांनी दोन्ही एकाच नावाखाली घातली. भारतात दोन्ही आढळतात. वर्गीकरण करणारा माणूस दिवसभर हेच करतो: ग्रंथी कुठे आहे, देठ केवढा आहे, बीवर काय आहे, आणि यापूर्वी कोणी काय म्हटलं होतं. ऐकायला बारीकसारीक वाटतं, पण ज्याला यात आनंद होतो त्याला तो आयुष्यभर पुरतो.

तरोट्याच्या बाबतीत गल्लत झाली तर भाजी खाणाऱ्याचं फार बिघडत नाही. भुईआवळ्याच्या बाबतीत बिघडू शकतं. काविळीवर भुईआवळा द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. भारतीय ग्रंथांत तो कित्येक वर्षं 'फायलँथस निरुरी' या नावानं नोंदवला गेला. 1950च्या दशकात अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ वेबस्टर यांनी या गटाचा बारकाईनं अभ्यास केला, तेव्हा लक्षात आलं की खरा निरुरी अमेरिका खंडातला आहे, आणि आपण ज्याला निरुरी म्हणतो त्यात अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस अशी निरनिराळी झाडं मिसळलेली आहेत. अमारसच्या इवल्याशा फुलाला पाच दलं असतात, फ्रॅटर्नसच्या फुलाला सहा. पुढे 1988 साली त्यागराजन आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये फायलँथस अमारस आणि हिपॅटायटिस बी यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याची जगभर चर्चा झाली, पण नंतर इतरांनी केलेल्या चाचण्यांत तसा गुण दिसला नाही. त्या वादात हाही प्रश्न होता, की सगळ्यांनी वापरलेलं झाड आणि त्याचा वाण एकच होता का? जिथं नावच पक्कं नाही, तिथं औषधाचा गुण कशावरून ठरवायचा? (कावीळ झाली तर कृपा करून रस्त्याकडेचा भुईआवळा वाटून पिऊ नका, आधी डॉक्टरांकडे जा, कोणत्या प्रकारची कावीळ आहे ते तपासून घ्या.)

आता नागपूरकडे येऊ. या शहराला वनस्पती गोळा करण्याचा, त्यांची नावं लावण्याचा जुना वारसा आहे आणि आपण तो जवळजवळ विसरलो आहोत. स्टीफन हिस्लॉप यांचं नाव आपल्याला कॉलेजमुळे माहीत आहे. हे मिशनरी इथल्या दगडांमागे आणि जीवाश्मांमागे अक्षरशः झपाटल्यासारखे फिरले. त्यांच्याकडून नागपूर भागातल्या खडकांतल्या प्राचीन पानांचे ठसे विलायतेला गेले. 1861 साली चार्ल्स बनबरी यांनी लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात त्यांचं वर्णन छापलं. त्यात ग्लॉसॉप्टेरिस होतं. आज अंटार्क्टिकापासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडणारी, आणि ही सगळी भूमी एके काळी जोडलेली होती याचा पुरावा ठरलेली ही वनस्पती. भूशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला कामठी शैलसमूह म्हणतात, ते नाव आपल्याच कामठीवरून पडलं आहे. हिस्लॉप 1863 साली बुडून वारले. त्याच वर्षी नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, उभं राहिलं.

पुढे इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताच्या जंगलांतल्या वृक्षझुडपांच्या वर्णनात्मक याद्या तयार झाल्या. 1916 साली विट आणि हेन्स या वन अधिकाऱ्यांनी वेगवेगळ्या वनवृत्तांसाठी त्या प्रसिद्ध केल्या. नागपूरच्या कृषी महाविद्यालयाशी जोडलेले आर. जे. डी. ग्रॅहम हे मध्य प्रांताचे आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ते पुढे स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात प्राध्यापक झाले. स्वातंत्र्यानंतर हे काम आपल्या माणसांनी हाती घेतलं. 1986 साली एन. आर. उगेमुगे यांचा 'फ्लोरा ऑफ नागपूर डिस्ट्रिक्ट' नागपुरातूनच प्रसिद्ध झाला. आजही नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही वनस्पतीवर लिहिणारा माणूस त्या पुस्तकापासून सुरुवात करतो. त्याच सुमारास मेळघाटावर ढोरे आणि जोशी यांचं, अकोला जिल्ह्यावर कांबळे आणि प्रधान यांचं पुस्तक आलं. 1993 साली यवतमाळचा फ्लोरा आला. मराठवाड्यासाठी व्ही. एन. नाईक यांनी 1998 साली दोन खंड दिले. या पुस्तकांच्या प्रत्येक ओळीमागे कुणाची तरी उन्हातान्हातली पायपीट आहे आणि कुठल्या तरी कपाटात ठेवलेला नमुना आहे.

एक गोष्ट मला खटकते, ती इथंच सांगतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात आहे. मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचं केंद्र आहे. कापसाची, संत्र्याची, मातीची राष्ट्रीय संशोधन केंद्रं आहेत. वनस्पती सर्वेक्षणाचं विभागीय केंद्र मात्र नाही. महाराष्ट्राचं काम 1955 पासून पुण्याच्या पश्चिम विभागीय केंद्रातून चालतं. पुण्यातून सह्याद्री जवळ आणि गडचिरोली लांब. पुण्याच्या लोकांनी काम कमी केलं असं मी म्हणत नाही. राज्याचा फ्लोरा त्यांनीच 1996 ते 2001 या काळात तीन खंडांत पूर्ण केला. पण पेंच, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव, नागझिरा, ताडोबा, भामरागड एवढं रान ज्या भागात आहे, त्या भागाच्या मोठ्या शहरात एक भक्कम, सर्वांना खुलं हर्बेरियम असायला हवं. ते उभं राहील ते इथल्या पोरांनी हे शास्त्र शिकलं तरच.

हे काम करणाऱ्याचा दिवस कसा जातो? वर्षातले काही महिने पायाखाली चिखल असतो. पावसाळी वनस्पती जून ते ऑक्टोबरात उगवून, फुलून, बी टाकून संपतात; त्या काळात फिरलं नाही तर वर्ष हातचं गेलं. गोळा केलेला नमुना त्याच दिवशी वर्तमानपत्राच्या घडीत पसरून लाकडी प्रेसमध्ये आवळायचा. एक पान उलटं ठेवायचं, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. नागपूरच्या मे महिन्यात नमुना बघता बघता वाळतो, पण श्रावणात रोज कागद बदलावे लागतात. एक दिवस आळस केला की पानावर बुरशी चढते आणि फूल काळं पडतं. वाळल्यावर किडे लागू नयेत म्हणून नमुना थंड कपाटात गोठवतात किंवा पूर्वीसारखा मर्क्युरिक क्लोराइडनं विषारी करतात. ते रसायन घातक असतं, म्हणून जुन्या शीटला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही, हे या लोकांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

उरलेले महिने टेबलावर जातात. सूक्ष्मदर्शकाखाली वाळलेलं फूल गरम पाण्यात भिजवून उलगडायचं, पुंकेसर मोजायचे, अंडाशय कापून बघायचा. मग हूकरच्या ब्रिटिश इंडियाच्या फ्लोरापासून कूकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरापर्यंत वर्णनं ताडून बघायची. नमुना कशाशीच जुळला नाही तर टाइप नमुना शोधायचा, म्हणजे ज्यावरून मूळ नाव ठरलं तो कागद. तो क्यूला असेल, पॅरिसला असेल, हावड्याला असेल. पूर्वी यासाठी पत्रव्यवहार आणि प्रवास लागे. आता बऱ्याच टाइप नमुन्यांची छायाचित्रं संगणकावर घरबसल्या बघता येतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षणानंही आपले नमुने अशा रीतीनं खुले करायला सुरुवात केली आहे. नवीन जातीचं वर्णन लॅटिनमध्येच लिहायची सक्ती 1 जानेवारी 2012 पासून उठली; आता इंग्रजी चालतं. डीएनएचा तुकडा वाचून ओळख पटवण्याची रीतही आली आहे. पण तो तुकडा कोणत्या झाडाचा हे सांगायला आधी नीट नाव लावलेला नमुना हवाच.

नवीन जाती जंगलातच सापडतात असाही आपला समज असतो. 2010 साली बेबर आणि सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास केला. नवी म्हणून जाहीर झालेल्या फुलझाडांपैकी फक्त 16 टक्के जाती नमुना गोळा झाल्यापासून पाच वर्षांत ओळखल्या गेल्या होत्या. साधारण पाव हिस्सा जाती ओळखायला 50हून जास्त वर्षं लागली. म्हणजे ते नमुने एवढी वर्षं कपाटात होते, त्यांच्याकडे बघणारा माणूस नव्हता. जगात अजून नाव न मिळालेल्या फुलझाडांपैकी निम्मी तरी आधीच कुठल्या तरी हर्बेरियमच्या कपाटात असावीत, असा त्यांचा अंदाज होता.

जुना नमुना इतिहासही दुरुस्त करतो. गाजर गवताचंच घ्या. अमेरिकेच्या गव्हातून ते 1950च्या दशकात आलं, हे आपण सगळेच सांगतो. पुण्यातल्या नोंदीवर 1956 साली लेख छापून आला आणि तिथून ही गोष्ट रूढ झाली. पण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत डिट्रिश ब्रँडिस यांनी 1880 साली गोळा केलेला याच झाडाचा नमुना आहे, आणि त्याआधी 1814 साली रॉक्सबर्ग यांनी कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांच्या यादीत त्याचं नाव घातलं आहे. गव्हाबरोबर ते पुन्हा आलं असेल, फोफावलं असेल. पहिल्यांदा मात्र तेव्हा आलं नव्हतं. एका वाळलेल्या कागदानं सत्तरेक वर्षं मागची साक्ष दिली.

आता मामाच्या प्रश्नाकडे वळतो. पैशाचं काय?

खरं सांगायचं तर वर्गीकरणाच्या जागा थोड्या आहेत आणि जाहिराती सावकाश निघतात. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र, मग एम.एस्सी.; ते नागपूर विद्यापीठाच्या विभागात किंवा 1906 साली सुरू झालेल्या आपल्या शासकीय विज्ञान संस्थेत होऊ शकतं. पुढे पीएच.डी. करायची असेल तर सीएसआयआरची नेट परीक्षा द्या. त्यातून फेलोशिप मिळाली तर 2023 पासून सुरुवातीची दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि नंतर 42,000 रुपये मिळतात, वर घरभाडं. इथं एक गोष्ट पोरांना आधीच कळायला हवी. नेटच्या जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात वर्गीकरणाला वाटा थोडाच आहे. पेशी, जनुकं, जैवरसायन यांचा भार मोठा. मला झाडंच आवडतात म्हणून बाकीचं सोडलं तर परीक्षा निघत नाही. ते रुचत नसलं तरी करावंच लागतं.

त्यानंतर वाटा फुटतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षणातल्या शास्त्रज्ञांच्या जागा, वन संशोधन संस्था, पुण्याची आघारकर संशोधन संस्था, विद्यापीठं, वनस्पती उद्यानं. केंद्र सरकारच्या शास्त्रज्ञ-बी पदाचं मूळ वेतन 56,100 रुपयांपासून सुरू होतं. खासगीतही गरज आहे. आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या कंपन्यांना कच्च्या मालाची ओळख पटवणारा माणूस लागतो. नवी खाण किंवा मोठा प्रकल्प यायचा असला की पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा अहवाल लागतो आणि त्यात जैवविविधतेचा जाणकार असावाच लागतो. कोळसा आणि मँगनीज या दोन्हींच्या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत, हे लक्षात घ्या. कॉलेजात शिकवण्याची वाटही आहे, पण तिथं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढलेली हुशार माणसं मी पाहिली आहेत. म्हणून फक्त प्राध्यापकीवर डोळा ठेवून या वाटेला लागू नका. आणि घरात पाच-सहा वर्षं थांबण्याची ऐपत नसेल तर बी.एड. किंवा वनसेवेची परीक्षा हाताशी ठेवा. त्यानं झाडांशी नातं तुटत नाही. वनरक्षक म्हणून काम करताना गवतांचा उत्तम अभ्यास करता येतो.

ज्यांना वाटतं की हे काम मुलींचं नाही, त्यांनी जानकी अम्मल यांच्याबद्दल वाचावं. 1897 साली केरळात जन्मलेल्या या बाईंनी इंग्लंडमध्ये संशोधन केलं, 1945 साली डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा ग्रंथ लिहिला, आणि नेहरूंच्या बोलावण्यावरून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची नव्यानं घडी बसवायला परत आल्या. वर्गीकरणासाठी केंद्र सरकार जो राष्ट्रीय पुरस्कार देतं, तो त्यांच्या नावाचा आहे. आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर शंकर पुरुषोत्तम आघारकर. 1884 साली मालवणला जन्मले, बर्लिनला एंग्लर यांच्याकडे शिकायला गेले, पहिलं महायुद्ध सुरू झालं तसे तिथं स्थानबद्ध झाले, तरी डॉक्टरेट घेऊनच परतले. कलकत्ता विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं आणि 1946 साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. तिच्या संशोधन संस्थेला आज त्यांचं नाव आहे आणि तिथलं हर्बेरियम महाराष्ट्रातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक आहे.

जे आईवडील नाहीत, शिक्षक नाहीत, त्यांनाही या बाबतीत करण्यासारखं आहे. 2002च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीनं, नगरपालिकेनं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं त्यासाठी 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली होती. मुदतीच्या धाकानं जागोजाग घाई झाली. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तुमच्या गावाची नोंदवही ग्रामपंचायतीत मागून बघा. वनस्पतींच्या यादीत गावातलं नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही आहे का, शेजारच्या गावाची यादीच तर उतरवलेली नाही ना, गावातल्या म्हाताऱ्या माणसाला माहीत असलेल्या रानभाज्या त्यात आल्या आहेत का, हे तपासा. उद्या बाहेरच्या कंपनीनं तुमच्या रानातल्या औषधी झाडाचा धंदा केला, तर लाभात वाटा मागायला हीच नोंदवही कामी येते. नाव चुकलं तर दावा लंगडा पडतो. आणि ते नाव दुरुस्त करायला कुठला तरी वर्गीकरण जाणणारा माणूसच लागतो.

प्राचार्य आणि विभागप्रमुखांना हात जोडून विनंती आहे. नॅकची समिती येणार म्हणून साफसफाई होते, इमारतीला रंग द्यायचा असतो, नवी संगणक प्रयोगशाळा करायची असते, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या शीट पोत्यात भरून बाहेर निघतात. त्यातल्या बऱ्याच नुसत्या प्रॅक्टिकलसाठी केलेल्या असतील, नावं चुकलेली असतील. पण ज्यांच्यावर जागा आणि तारीख आहे अशा शीटची किंमत दर वर्षी वाढते, कारण ते माळरान, तो तलावाचा काठ आता बहुधा उरलेला नाही. ठेवायला जागा नसेल तर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला, पुण्याच्या वनस्पती सर्वेक्षणाला किंवा आघारकर संस्थेला आधी पत्र लिहून विचारा. घरोघरीही असे नमुने निघतात. आजोबा वनखात्यात होते, त्यांच्या ट्रंकेत वहीत चिकटवलेली पानं असतात. लेबल फाडू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

मुलांना सुरुवात करायची असेल तर महाराजबाग, सेमिनरी हिल्स, तेलंगखेडी, अंबाझरीचा काठ पुरेसा आहे. शंभर रुपयांच्या आसपास मिळणारं भिंग, एक वही, पेन्सिल. मोबाइलमधली अॅप नाव सुचवतात. ते नाव अंदाज म्हणून घ्यावं आणि पुस्तकात ताडून बघावं. व्याघ्र प्रकल्पात किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय एक पानही तोडू नये, तो गुन्हा आहे. आणि बाहेरही जिथं एकच रोप दिसतं तिथं फोटो घेऊन पुढे जावं. चित्र काढायची सवय लावा, कारण काढताना जे दिसतं ते नुसतं बघताना दिसत नाही.

तुमच्या घरी वहीत पानं दाबून ठेवणारं, प्रत्येक रोपाचं नाव विचारणारं पोर असेल, तर या पावसाळ्यात त्याला एक चांगलं भिंग घेऊन द्या. रविवारी त्याच्याबरोबर गोरेवाड्याच्या बाजूला फिरून या. आणि पुढे बारावीनंतर ते बॉटनी म्हणालं, तर फॉर्मवर सही करा.